शेजारच्या कळीवरचा शब्द: इनस्क्रिप्ट कीबोर्डवरची कोडी कशी रचायची, कशी सोडवायची

काप, तीर, चूक. अर्थाने या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) ‘काप’ टाइप करताना प्रत्येक बोट एक कळ उजवीकडे सरकले, तर पडद्यावर ‘तीर’ उमटते. ‘तीर’ लिहिताना पुन्हा तसेच सरकले, तर ‘चूक’. क-त-च या तीन कळा ओळीने शेजारी आहेत, काना आणि दोन दीर्घ खुणा (ा, ी, ू) ओळीने शेजारी आहेत, आणि प-र-क सुद्धा. शेजारच्या कळीचे कोडे ते हेच: शब्द सरकवून द्यायचा आणि मूळ शब्द विचारायचा.

इंग्रजी कीबोर्डवर हा खेळ जुना आहे, पण तिथे सरकवलेला शब्द बहुतेक वेळा निव्वळ कचरा असतो. ती मांडणी १८७४ मध्ये बाजारात आलेल्या शोल्स-ग्लिडन टंकलेखन यंत्रापासून जवळपास तशीच चालत आली, आणि तिच्यात स्वर-व्यंजने इकडेतिकडे विखुरलेली आहेत. इनस्क्रिप्टची मांडणी मात्र वर्णमाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. आयएस १३१९४:१९९१ या भारतीय मानकात ती नोंदवलेली आहे. मराठीला आणि देवनागरी कोकणीला तीच चालते, त्यामुळे गोव्यातल्या शाळेत दोन्ही भाषा टाइप करणाऱ्या मुलांना वेगळा तक्ता द्यावा लागत नाही. कोडे कुठल्या भाषेतले आहे, एवढे मात्र वर स्पष्ट लिहावे.

आधी तक्ता पाहू. शिफ्ट न दाबता, डावीकडून उजवीकडे:

वरची ओळ: ौ ै ा ी ू ब ह ग द ज ड ़
मधली ओळ: ो े ् ि ु प र क त च ट
खालची ओळ: ं म न व ल स , . य

शिफ्ट दाबून:

वरची ओळ: औ ऐ आ ई ऊ भ ङ घ ध झ ढ ञ
मधली ओळ: ओ ए अ इ उ फ ऱ ख थ छ ठ
खालची ओळ: ँ ण ऩ ऴ ळ श ष । य़

यात तीन गोष्टी लगेच दिसतात. वरच्या दोन ओळींत स्वर डाव्या हाताला आहेत आणि व्यंजने उजव्या हाताला. महाप्राण अक्षर त्याच्या अल्पप्राणाच्याच कळीवर शिफ्टखाली आहे: क-ख, त-थ, ब-भ. आणि वरच्या ओळीतले ब, ग, द, ज, ड हे मधल्या ओळीतल्या प, क, त, च, ट यांच्या बरोबर डोक्यावर बसले आहेत. घोष वर, अघोष खाली. मध्ये फक्त ह आणि र ही जोडी या नियमात बसत नाही.

विंडोजवर पाहायचे असेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि विंडोज कळ, कंट्रोल व ओ एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो, त्यात शिफ्ट दाबले की वरचा थर दिसतो. जोडताना ‘मराठी फोनेटिक’ निवडू नका, त्याची मांडणी वेगळी आहे. फोनवरचे मराठी कीबोर्डही बहुधा वेगळे असतात. म्हणून कोड्याच्या कागदावर तक्ता छापणे ही सोय नाही, गरज आहे.

उजवीकडेच का सरकवायचे

शब्द डावीकडेही सरकवता येतो, पण तसे करू नये. ‘प’च्या डावीकडे ‘ु’ आहे, ‘ब’च्या डावीकडे ‘ू’, ‘म’च्या डावीकडे अनुस्वार. म्हणजे ‘पणजी’ डावीकडे सरकवली की शब्दाची सुरुवातच उकाराने होते, आणि उकाराला बसायला व्यंजन नाही म्हणून पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ येते. सोडवणाऱ्याला वाटते फाँट बिघडला. उजवीकडे सरकवताना याच्या उलट होते: ‘ू’चा ‘ब’ आणि ‘ु’चा ‘प’ होतो. खुणेचे व्यंजन झाले तर शब्द लांबतो, मोडत नाही. ‘काजू’चा होतो ‘तीडब’. हे उच्चारता येते, छापता येते आणि सोडवणाऱ्याला थोडे चकवतेही, कारण तीन व्यंजनांचा शब्द पाहून तो तीन व्यंजनांचेच उत्तर शोधत बसतो.

उजवीकडच्या सरकण्यात खरी गंमत अशी की ा, ी, ू या लागोपाठच्या कळा आहेत आणि मराठी शुद्धलेखनात अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार, तत्सम शब्द वगळता, दीर्घ लिहितात. त्यामुळे मधे काना असलेला दोन अक्षरी शब्द सरकवला की मधे दीर्घ वेलांटी येते, आणि ती तिथे नियमाप्रमाणे शोभते. कोडी रचणाऱ्याने याच धारेने जावे. दोन अक्षरी, मधे काना, शेवट अकारान्त असे शब्द कागदावर उतरवा आणि एकेक सरकवा. हाताशी येतात ते असे: हाक–गीत, नाद–वीज, नाच–वीट, नाक–वीत, राज–कीड, तार–चीक, माप–नीर, बाप–हीर. यातला शेवटचा ‘हीर’ गोव्यात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही, माडाच्या हिरांची झाडू घरोघरी असते. ‘लाच’ सरकवल्यावर ‘सीट’ मिळते. निवडणुकीच्या दिवसांत ही जोडी जपून वापरावी.

तीन पायऱ्यांच्या साखळ्या कमी सापडतात, पण सापडतात. काप–तीर–चूक ही एक. पाव–रील–कूस ही दुसरी. पाक–रीत–कूच ही तिसरी. आणि चौथी वाद–लीज–सूड, जिला गोव्यात वेगळी सूचना देण्याची गरज नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हापासून हा शब्द इथल्या वर्तमानपत्रांतून हललेला नाही.

काना नसलेले शब्दही सरकतात: मन–नव, वन–लव, तन–चव, पल–रस, कप–तर. हे सोपे आहेत, पाचवी-सहावीच्या मुलांना सुरुवातीला द्यायला बरे.

हाताने शोधायचा कंटाळा असेल तर प्रोग्राम अगदी छोटा आहे. वरच्या सहा ओळी सहा अक्षरमाळा म्हणून साठवा. शब्दातली प्रत्येक खूण ज्या माळेत असेल तिथले तिचे स्थान काढा, पुढचे अक्षर घ्या. तयार झालेला शब्द शब्दयादीत आहे का ते तपासा. प्रोग्रामला ‘काप’ ही तीन अक्षरे दिसतात (क, ा, प), दोन नव्हेत, आणि आपल्याला तसेच हवे असते. खटका बसतो तो ‘ऩ’, ‘ऱ’ अशा अक्षरांपाशी: ‘ऩ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते किंवा ‘न’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन संकेतांनीही. दिसायला दोन्ही सारखे, पण तुलना केली की वेगळे. उत्तर बरोबर असून प्रोग्राम चूक म्हणत असेल तर आधी इथे पाहावे.

कुठे अडते

गावांची नावे घेऊन कोडी करायची म्हटली की अडचणी एकदम समोर येतात. मडगाव, फोंडा, पेडणे, डिचोली, म्हापसा, साखळी, सांगे, वास्को यांपैकी एकही नाव नीट सरकत नाही. ‘ड’च्या उजवीकडे नुक्ता आहे आणि ‘स’च्या उजवीकडे स्वल्पविराम. ‘ट’च्या उजवीकडे तर एंटरच. ‘य’च्या पुढे शिफ्ट येते. म्हणून यादी करतानाच ड, स, ट, ठ, य असलेले शब्द बाजूला काढा.

किंवा ओळ गोल करा: ओळ संपली की पुन्हा तिच्या सुरुवातीला. वरची ओळ ‘ड’ वर संपवायची, मधली ‘ट’ वर, आणि खालच्या ओळीत विरामचिन्हे सोडून ‘स’ नंतर थेट ‘य’. मग ‘मडगाव’चा ‘नौदील’ होतो आणि ‘वास्को’चा ‘लीयिते’. दोन्ही छान वाचता येतात. ‘फोंडा’ मात्र इथेही रुसतो. त्यातल्या ‘ड’चा ‘ौ’ आणि काना सरकून ‘ी’, अशा दोन खुणा लागोपाठ येतात आणि पुन्हा ते ठिपक्यांचे वर्तुळ. गोल ओळीचा नियम वापरलात तर तो कागदावर लिहिलाच पाहिजे, सोडवणाऱ्याने तो ओळखावा अशी अपेक्षा ठेवणे अन्याय आहे.

एकार हा दुसरा त्रास. ‘े’च्या उजवीकडे ‘्’ आहे, म्हणजे एकार सरकला की मागच्या अक्षराचा पाय मोडतो. ‘केपे’ सरकवून पाहा: त, ्, र, ्. पडद्यावर दिसते ‘त्र्’. अख्ख्या तालुक्याचे नाव एका जोडाक्षरात गडप, आणि आत किती कळा दडल्या आहेत ते कुणाला कळायचे नाही. उलट हलन्त सरकला की त्याची ऱ्हस्व वेलांटी होते: ‘पर्वरी’तून ‘रकिलकू’ निघते. इथे दुसरी मेख आहे. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप होते नंतर. सोडवणारा डोळ्यांना दिसते त्या क्रमाने गेला तर र, ि, क असे वाचतो आणि उत्तर बिघडते. खरा क्रम र, क, ि, ल, क, ू.

या सगळ्यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे एक कळ, एक चौकोन. शब्द सलग छापू नका. ‘रकिलकू’साठी सहा चौकोन काढा आणि प्रत्येकात एकच खूण टाका. खाली उत्तरासाठी तेवढेच सहा रिकामे चौकोन. जोडाक्षरांची, रफाराची, वेलांटीच्या जागेची सगळी भांडणे मिटतात, आणि ‘केपे’ सुद्धा चार चौकोनांत सरळ बसते. चौकोन निदान एक सेंटिमीटरचा हवा, नाहीतर एकट्या उकारात आणि एकट्या हलन्तात फरक दिसत नाही.

आकड्यांच्या ओळीत शिफ्टखाली ज्ञ, त्र, क्ष, श्र यांच्या आयत्या कळा आहेत. एक कळ दाबली की तीन खुणा उमटतात. कोड्यात त्या बाद कराव्या, नाहीतर एकाच शब्दाची दोन वेगळी रूपे निघतात. ‘ॲ’ असलेले इंग्रजी शब्दही टाळा. जुन्या मांडणीत त्याच्या जागी ‘ऍ’ आहे आणि सगळ्या संगणकांवर एकसारखे उमटेल याची खात्री नाही.

गोव्याच्या नावांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते ती लेखनाची. कळंगुट की कलंगुट, मुरगाव की मुरगांव, पाट्यांवर दोन्ही सापडतात. वाचताना फरक पडत नाही, कोड्यात पडतो: ‘मुरगाव’चे ‘नपकदील’ होते, अनुस्वार दिला की ‘नपकदीमल’. यादी पक्की करताना एकच लेखन ठरवा आणि शंका असेल तिथे ते नाव वगळा.

सोडवणाऱ्याने काय पाहावे

किती आणि कुणीकडे सरकवले आहे हे सांगितले नसेल, तरी ते शोधता येते. मराठी मजकुरात काना सगळ्यांत जास्त भेटतो. मजकूर एक कळ उजवीकडे सरकला असेल तर जागोजागी ‘ी’ दिसेल, दोन कळा सरकला असेल तर ‘ू’. पानभर ‘ै’ दिसला तर डावीकडे सरकवले आहे, कारण साध्या मराठीत ‘ै’ इतका येतच नाही. ‘वारा’ डावीकडे गेला की ‘नैपै’ होतो.

दिशा कळली की परकी अक्षरे शोधा. मराठीत सहसा न दिसणारे अक्षर कोड्यात आले तर ते उत्तराचे अक्षर स्वतःहून सांगून टाकते. ‘ऩ’ म्हणजे मूळचा ‘ण’. ‘ङ’ म्हणजे ‘भ’. ‘ञ’ म्हणजे ‘ढ’. ‘ऱ’ बहुतेक वेळा ‘फ’. ‘रऩडू’ पाहिल्याबरोबर दुसरे अक्षर ‘ण’ आहे हे ठरते, आणि मग पणजी लपत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवू: ‘तेतनीटू तञू’. जेवणातला पदार्थ, एवढीच सूचना. ‘ञ’ वरून दुसऱ्या शब्दात ‘ढ’ नक्की. शेवटच्या ‘ू’च्या डावीकडे ‘ी’, म्हणजे शेवट ‘ढी’. आधीचा ‘त’ डावीकडे ‘क’. झाली ‘कढी’. कढी कसली? पहिल्या शब्दात ‘टू’ म्हणजे ‘ची’, आणि ‘नी’ म्हणजे ‘मा’, तेव्हा शेवट ‘माची’. उरले ‘तेत’: त हा क, ‘े’चा ‘ो’, पुन्हा क. कोकमाची कढी. शेवटाकडून सुरुवात करण्याचा फायदा इथे दिसतो. मराठी शब्दांचे शेवट प्रत्ययांनी बांधलेले असतात, -ची, -ला, -ना सारखे, आणि ते लवकर ओळखू येतात. ‘-ला’ सरकून ‘-सी’ होते, ‘-ना’ सरकून ‘-वी’, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम होते.

‘ब’ आणि ‘प’ आले की थांबा. ते मूळचे ‘ू’ आणि ‘ु’ आहेत, म्हणजे मागच्या अक्षराला चिकटवायचे. सवय नसलेला माणूस नेमका इथेच अडकतो.

कठीण करायचे तर

‘प्रत्येक अक्षर डावीकडचे किंवा उजवीकडचे, कुठलेही’ अशी सूट दिली की कोडे एकदम अवघड होते, आणि बेसावध राहिले तर फसतेही. ‘तीर’ दिले आहे असे धरा. ‘त’ हा क किंवा च पासून आलेला असेल, ‘ी’ ही ा किंवा ू पासून, ‘र’ हा प किंवा क पासून. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ शक्यता: काप, काक, कूप, कूक, चाप, चाक, चूप, चूक. यातले सहा तरी सरळ सरळ शब्द आहेत. सूचना न देता हे छापले तर सहा जण सहा बरोबर उत्तरे घेऊन येतील. पण हाच दोष कामाला लावता येतो. एकच ‘तीर’ तीनदा द्या, खाली तीन सूचना: ‘कुंभाराकडे फिरते’, ‘नीरफणसाचे, रवा लावून तळतात’, ‘विहिरीला संस्कृतात म्हणतात’. रचणाऱ्याने मात्र सगळ्या शक्यता लिहून काढल्याशिवाय कागद छापायला देऊ नये. पाच कळांच्या शब्दाला बत्तीस शक्यता होतात, तेव्हा त्यापुढे हाताने जाण्यात अर्थ नाही.

वर-खाली सरकवण्याची कोडी वेगळ्या जातीची. कीबोर्डच्या ओळी एकमेकींखाली तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ‘वरची कळ’ म्हणजे नेमकी कुठली हे डोळ्यांनी ठरत नाही. त्याच बोटाने गाठायची ती, असा नियम करावा. मग मधल्या ओळीतून वर जाताना अघोषाचा घोष होतो. व्यंजने तेवढी वर न्यायची आणि काना जागेवर ठेवायचा: ताप–दाब, पाक–बाग, टाक–डाग, चाक–जाग, काच–गाज, काठ–गाढ, कट–गड. व्याकरणाच्या तासाला घोष-अघोष शिकवताना याइतके सोयीचे साधन नाही. डाव्या हाताला तर ि च्या डोक्यावर ी आहे आणि ु च्या डोक्यावर ू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही इथे एका ओळीची चूक ठरते. दिन आणि दीन, सुत आणि सूत अशा जोड्यांना सूचना लावून चांगला तक्ता होतो.

एकाच ओळीत मावणाऱ्या शब्दांची शोधाशोध ही हलकी करमणूक. वरच्या ओळीत आई, आजी, दादा, भाऊ, बाबा, बाई असे अर्धे कुटुंब राहते. आजोबांना ओकारासाठी मधल्या ओळीत उतरावे लागते. मधली ओळ सर्वांत समृद्ध: फोर्ट, चित्र, अतिरेक, ओतप्रोत. खालच्या ओळीत अनुस्वार आणि चंद्रबिंदू यांशिवाय दुसरी खूण नाही, म्हणून तिथे वळण, सवय, नयन, मळमळ असले बिनखुणांचे शब्दच मिळतात.

कीबोर्ड इंग्रजीत असताना मराठी टाइप केले की काय होते, त्यावरही कोडे होते. ‘पाल’ टाइप करायला गेलात तर पडद्यावर इंग्रजी ‘हेन’ येते, ‘साल’चे ‘मेन’, ‘बाल’चे ‘येन’. असे अर्थपूर्ण शब्द मोजकेच असल्याने यावर पूर्ण पान भरत नाही. एखाददुसरे मधे पेरावे.

शाळेसाठी एक कागद करायचा असेल तर दहा कोडी पुरतात. पहिली तीन बिनखुणांची (मन–नव सारखी), पुढची चार कान्याची, दोन गावांची आणि एक लांब. छापण्याआधी कागद अशा माणसाला द्या ज्याने उत्तरे पाहिलेली नाहीत, आणि तो सोडवताना गप्प बसा. तो जिथे दोनदा तक्त्याकडे पाहील तिथे बहुधा चौकोनातली खूण नीट छापलेली नाही.

सरावाला पाच गावे, सगळी एक कळ उजवीकडे, गोल ओळीची गरज नाही: तेसली, गकनस, लीदीचेक, नपकदील, लीशरऊ. उत्तरे, उलट्या क्रमाने: वाळपई, मुरगाव, वागातोर, हरमल, कोलवा.